एअर सस्पेन्शनवर खाली घेतलेल्या पिकअपचे व्हील अलाइनमेंट: आधी उंची, मग आकडे

स्प्रिंगच्या जागी हवेच्या बॅगा (एअर बॅगा) बसवून खाली घेतलेल्या पिकअपच्या मालकांची तक्रार बेळगावात ऐका, निपाणीत ऐका की खानापुरात, ती बहुधा एकच असते. अलाइनमेंट करून महिना होत नाही तोच पुढच्या टायरांची आतली कड खाल्ली जाते, स्टेअरिंग तिरके उभे राहते आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. मग गाडी पुन्हा यंत्रावर चढते, पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसतात, आणि पुढच्या महिन्यात तेच घडते. यंत्र खोटे बोलत नसते. ते आकडे ज्या उंचीवर घेतले, त्या उंचीवर ती गाडी रस्त्यावर धावतच नसते, एवढीच यातली मेख आहे. साध्या स्प्रिंगच्या गाडीची उंची ठरलेली असते, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. बॅगांच्या गाडीत उंची ही बदलती गोष्ट असून तिच्याबरोबर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकाचे तोंड आत किंवा बाहेर वळलेले असणे) हे तिन्ही बदलतात.

पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचे व खालचे असे दोन हात) असून कॉइल स्प्रिंगच्या जागी बॅग आणि मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) काढून लिंक (ॲक्सल जागेवर धरणारे दांडे) व बॅगा, अशी गाडी धरून हा लेख लिहिला आहे. मागचे पाटे ज्यांनी कायम ठेवले आहेत त्यांना टप्पा ५ मधील लिंकांचा व पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचा) भाग लागू होत नाही. बाकी सर्व होतो.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट असावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडीत परस्पर बदल करण्यास मनाई करते. आपल्या भागातील गाड्या एका दिवसात कोल्हापूर, चंदगड आणि गोवा गाठून परत येतात, त्यामुळे तपासणी एकाच राज्याची होईल असे समजू नये. नोंदणीचा प्रश्न परिवहन कार्यालयात आधी सोडवावा. अलाइनमेंट त्याला पर्याय नाही.

टप्पा १: ढिलेपणा शोधणे

ढिल्या जोडावर घेतलेला आकडा पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतो. गाडी सपाट जागी जॅकवर घेऊन चासीखाली स्टँड लावावेत. चाक वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट व बेअरिंगचा ढिलेपणा कळतो, डाव्या-उजव्या बाजूस धरून हलवल्यास टाय रॉडचा (स्टेअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा) कळतो. विशबोनचे बुश (जोडातले रबरी अस्तर) पहारीने हळूच ढकलून पाहावेत. रबर तडकलेले किंवा धातूच्या नळीपासून सुटलेले दिसले, तर अलाइनमेंटचा विचार तिथेच थांबवून आधी बुश बदलावेत. खाली घेतलेल्या गाडीत वरचा बॉल जॉइंट मूळ कोनापेक्षा अधिक वाकलेला असतो, म्हणून त्याची तपासणी विशेष काळजीने करावी.

चारही टायरांत हवा ठरलेल्या दाबाची, थंड अवस्थेत भरलेली असावी. पुढचे दोन टायर एकाच मापाचे व साधारण सारखे झिजलेले असावेत.

सावधान: केवळ बॅगांच्या हवेवर तोललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. एक फिटिंग निसटले तर गाडी एका क्षणात खाली बसते. चासीखाली स्टँड नसतील तर काम सुरूच करू नये.

टप्पा २: गळती बंद करणे

संध्याकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजून लिहून ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा मोजावी. चारही कोपरे थोडेसे आणि सारखेच बसले असतील तर तो बहुधा रात्रीच्या गारव्याचा परिणाम असतो. एकच कोपरा बसला असेल तर तिथे गळती आहे. साबणाचे पाणी फिटिंग, व्हॉल्व्ह आणि बॅगेच्या दोन्ही टोकांना लावून बुडबुडे शोधावेत.

दाबाच्या काट्यावर विसंबून गळती शोधू पाहणारे इथे हमखास फसतात. बॅगेतील दाब मुख्यतः तिच्यावर असलेल्या वजनाने ठरतो. थोडी हवा गळाली तर बॅग आखूड होते, गाडी खाली येते, पण वजन तेवढेच असल्याने काटा जवळजवळ जागचा हलत नाही. तापमानाचेही तसेच आहे. सकाळी १५ अंश आणि दुपारी ३५ अंश तापमान असेल, तर तेवढ्याच दाबाला आतल्या हवेचे आकारमान सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि गाडी वर उचलली जाते. काटा मात्र सकाळचाच आकडा दाखवत राहतो. थोडक्यात, ‘पुढे ६५, मागे ४५ पीएसआय ठेवतो’ हे उंचीचे माप नव्हे.

टप्पा ३: जमीन

घरच्या किंवा गॅरेजच्या फरशीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. दोन चाकांमधील अंतर १५०० मिमी असताना एका बाजूची जमीन १० मिमी खाली असेल, तर कॅम्बरच्या आकड्यात जवळजवळ ०.४ अंशाची चूक होते, आणि तीही अशी की एका चाकाला वाढते व दुसऱ्याला घटते. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी यासाठी उत्तम. चारही चाकांच्या जागा तिने तपासून जिथे कमी असेल तिथे पत्र्याचे तुकडे किंवा फरशीचे पातळ काप घालावेत. आडव्या दिशेत २ मिमीपर्यंतचा फरक चालतो.

पुढच्या दोन चाकांखाली घसरणारी बैठक लागते. यंत्रावर ती फिरत्या तबकड्यांच्या रूपात असते; घरी गुळगुळीत पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस, एवढ्यावर भागते.

टप्पा ४: चालवण्याची उंची ठरवणे

या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे घाई करू नये. गाडी उभी असताना कशी शोभून दिसते ती उंची वेगळी आणि ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगाने ती ज्या उंचीवर धावते ती वेगळी. अलाइनमेंट फक्त दुसऱ्या उंचीसाठी करायचे असते.

१. गाडीत नेहमीचे वजन ठेवावे. टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतके काहीतरी असावे; २५ किलोच्या तांदळाच्या तीन पिशव्या सोयीच्या पडतात.

२. उंची चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, जमिनीपासून नव्हे. जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि टायरमधील हवाही मापात शिरते. मोजण्याची चारही ठिकाणे रंगाच्या ठिपक्याने कायमची खूण करून ठेवावीत.

३. उंची निवडताना खालचे विशबोन जवळपास आडवे, टाय रॉड त्याच्याशी शक्यतो समांतर आणि शॉक ॲब्सॉर्बरला दोन्ही दिशांना हालचाल शिल्लक, या तीन गोष्टी पाहाव्यात. बॅगेच्या उत्पादकाने दिलेल्या कामाच्या उंचीच्या मर्यादेत ती बसली पाहिजे. चारचाकी ड्राइव्ह असेल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोनही पाहावा लागतो.

४. डावी-उजवी उंची सारखी झाल्यावर डाव्या-उजव्या बॅगांचे दाबही पाहावेत. उंची सारखी असूनही पुढच्या दोन बॅगांच्या दाबात मोठा फरक असेल, तर गाडी खाटेसारखी दोन समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांवर तोललेली आहे असे समजावे. अशी गाडी दिसायला सरळ असते, पण ब्रेक लावताच एका बाजूला जाते. चारही बॅगा थोड्या सोडून पुन्हा सावकाश भराव्यात. काट्याचा खरा उपयोग इथे आहे.

५. आता विशबोनचे व लिंकांचे मुख्य बोल्ट एक-एक करून सैल करावेत आणि याच उंचीवर पुन्हा ठरलेल्या ताकदीने आवळावेत. रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो. चाके लटकत असताना किंवा हवा सोडलेली असताना बोल्ट आवळला, तर धावण्याच्या उंचीवर तो कायम पिळलेला राहतो, गाडीला एका दिशेने ढकलत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. हा टप्पा गाळल्यामुळे नवेकोरे बुश वाया गेलेले मी अनेकदा पाहिले आहेत. बोल्ट सैल करतानाही चासीखाली, थोडी फट ठेवून, स्टँड असलेच पाहिजेत.

६. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकलून किंवा सावकाश चालवून परत जागेवर आणावी आणि उंची पुन्हा मोजावी.

या सहाव्या मुद्द्यावर जरा थांबतो. गाडी खालून वर उचलली जाताना चाकांमधील आडवे अंतर बदलते, पण टायर जमिनीला धरून बसलेले असतात. ते घसरू शकत नाहीत, म्हणून विशबोन, बुश आणि टायरच्या बाजू ताणलेल्या अवस्थेत अडकून राहतात. अशा अवस्थेत मोजलेला कॅम्बर निखालस चुकीचा असतो. माझ्या स्वतःच्या गाडीच्या पहिल्या दोन अलाइनमेंट याच कारणाने फुकट गेल्या. यंत्रावर गाडी चढवून तिथेच हवा भरली होती आणि तबकड्यांच्या खिळा काढलेल्या नव्हत्या. कामगाराला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्याकडे रोज येणाऱ्या गाड्यांत हवा भरण्याचा प्रकारच नसतो.

पडताळणी: तीन वेळा गाडी हलवून प्रत्येक वेळी उंची मोजावी. तिन्ही मापांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नये. कुठेतरी जोड अडकत आहे किंवा हवा जात आहे.

टप्पा ५: मागचा ॲक्सल

पुढची चाके कितीही नेमकी लावली, तरी मागचा ॲक्सल तिरका असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरपी चालते आणि सरळ जाण्यासाठी स्टेअरिंग वाकडे धरावे लागते. मूळ पाट्यांच्या गाडीत ॲक्सलची जागा मधल्या बोल्टने ठरलेली असते. लिंकांच्या गाडीत ती जागा आपण आणि वेल्डिंग करणाऱ्याने ठरवलेली असते, म्हणून ती तपासणे आपल्याच अंगावर येते.

चासीवर डाव्या-उजव्या बाजूंची दोन सारखी मूळ छिद्रे निवडून तिथून ओळंबा सोडावा आणि जमिनीवर खूण करावी. ॲक्सलच्या दोन्ही टोकांखालीही तसेच करावे. दोन्ही बाजूंची सरळ अंतरे आणि दोन्ही कर्ण जुळले पाहिजेत. फरक आढळल्यास लिंकची लांबी जोडीने बदलावी. एकच लिंक फिरवल्यास ॲक्सल सरळ होईल, पण पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जिथे ॲक्सलला जोडतो त्या दातेरी चाकाचा) कोन बिघडून प्रोपेलर शाफ्ट थरथरू लागेल.

पॅनहार्ड रॉड असल्यास तो चालवण्याच्या उंचीवर आडवा असावा. ८०० मिमी लांबीचा आडवा रॉड ५० मिमी वर-खाली झाला तर ॲक्सल बाजूला फक्त दीड-पावणेदोन मिमी सरकतो. तोच रॉड आधीच १०० मिमी तिरका असेल, तर पुढच्या ५० मिमीत तो आणखी ८ मिमी सरकतो. खड्ड्यांतून मागची बाजू झुलते अशी ज्यांची तक्रार असते, त्यांनी शॉक ॲब्सॉर्बर बदलण्यापूर्वी हा रॉड पाहावा.

टप्पा ६: कॅस्टर, कॅम्बर आणि शेवटी टो

हा क्रम उलटवू नये. कॅस्टर बदलले की कॅम्बर हलतो आणि दोहोंपैकी काहीही बदलले की टो हलतो. आधी टो लावणारा माणूस तेच काम दोनदा करतो, किंवा दुसऱ्यांदा करायचे विसरतो.

कॅस्टर थेट मोजता येत नाही. चाक दोन्ही बाजूंना ठरावीक अंशांनी, सहसा २०, वळवून कॅम्बरमधील फरकावरून ते काढले जाते, म्हणून हे काम यंत्रावरच करावे. मूळ आकड्याच्या जवळ आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाच्या आत सारखे, एवढे साधले तरी पुरे.

कॅम्बर घरी ओळंब्याने तपासता येतो. रिमच्या वरच्या व खालच्या कडांपासून दोरीचे अंतर घ्यावे. ४०० मिमी उंचीत ७ मिमी फरक म्हणजे १ अंश. गाडी खाली घेतली की चाकाचा माथा आत झुकतो. माझ्या मते रोजच्या वापरासाठी उणे १ अंशापर्यंत चालवून घ्यावे; त्यापुढे वरच्या विशबोनची जागा किंवा लांबी बदलण्याचा विचार करावा. समायोजन काही गाड्यांत शिमने (मध्ये घालायच्या पातळ पत्रीने) होते, काहींत खालच्या विशबोनच्या कॅम बोल्टने. शिम कमी पडल्यास मापाचे शिम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणत्याही चांगल्या लेथवाल्याकडून करून घेता येतात. हाताला येतील ते वॉशर एकावर एक रचू नयेत, आणि बोल्टचे पुरेसे आटे नटात गुंतले आहेत याची खात्री करावी.

टोसाठी आधी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत आणि बरोबर मध्यावर बांधून ठेवावे. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोन समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचे अंतर घ्यावे. पुढचे अंतर जास्त असेल तर चाक आत वळलेले, म्हणजे टो-इन. रिम वाकडा असल्यास फसगत होते, म्हणून चाक अर्धा फेरा पुढे नेऊन पुन्हा मोजावे व सरासरी धरावी. दोन्ही टाय रॉड सारख्याच प्रमाणात फिरवावेत. एकाच बाजूने पूर्ण दुरुस्ती केली की स्टेअरिंग तिरके होते; मग कोणीतरी स्टेअरिंग काढून सरळ बसवतो आणि चूक झाकली जाते.

टायर कॅम्बरने खाल्ला असा समज असतो, पण मोठा गुन्हेगार टो असतो. टायरचा व्यास ६६० मिमी असताना टायरच्या कडांवर मोजलेला एकूण टो ३ मिमी चुकला, म्हणजे प्रत्येक चाकाला दीड मिमी, तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला जवळजवळ सव्वादोन मीटर आडवा घासला जातो. बेळगाव ते कोल्हापूर अशा एका फेरीत तो किती घासला जाईल, याचा हिशेब वाचकांनी करावा.

यंत्रावर काम करून घेणार असाल तर या गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात: चारही कोपऱ्यांची उंची, गाडी चढवल्यावर ती पुन्हा मोजायची, तबकड्या मोकळ्या करून मगच गाडी हलवायची, आणि उंची आपोआप राखणारी यंत्रणा असल्यास ती बंद ठेवायची. लिफ्टवर चाके उचलली गेली की ती यंत्रणा आपल्या समजुतीने हवा सोडू किंवा भरू लागते. यंत्रावरचा माणूस मराठी बोलो की कन्नड, कागदावरच्या आकड्यांबाबत गैरसमज होत नाही.

टप्पा ७: उंची बदलून पुन्हा मोजणे

बहुतेक जण टो लागताच पैसे देऊन निघतात आणि खरी माहिती देणारी चाचणी राहूनच जाते. चालवण्याच्या उंचीपासून २५ मिमी वर आणि २५ मिमी खाली, प्रत्येक वेळी गाडी थोडी हलवून, टो मोजावा. थोडा बदल होणारच. मात्र दोन्ही चाकांचा टो सारखा न बदलता एकाचा जास्त बदलत असेल, तर खड्ड्यावर स्टेअरिंग हातातून निसटल्यासारखे वाटेल. त्याचे कारण टाय रॉडचे आतले किंवा बाहेरचे टोक चुकीच्या उंचीवर असणे हे असते. टो कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही. टाय रॉड किंवा स्टेअरिंग आर्म तापवून वाकवणे, कापून वेल्ड करणे हे उपाय सुचवणारे मिस्त्री भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा.

यानंतर पूर्ण हवा सोडलेल्या आणि पूर्ण भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत स्टेअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर बॅगेला, ब्रेकच्या नळीला किंवा हवेच्या नळीला घासत नाही ना ते पाहावे. या वेळी टायर आणि मडगार्डच्या मध्ये कोणाचा हात नसावा.

टप्पा ८: रस्त्यावरची चाचणी

चाचणीसाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ चा सरळ पट्टा बरा. वंटमुरी घाटाचा उतार नको, कारण तिथे ओढ कशाची आहे ते कळत नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणे हा दोष नव्हे. दुसऱ्या लेनमधून आणि उलट दिशेनेही चालवून पाहावे. गळीत हंगामात ऊस वाहतुकीच्या रस्त्यांवर चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि रुंद टायरची गाडी त्यांत शिरून भरकटते. चिकोडी-निपाणी भागात अशा रस्त्यावर घेतलेल्या चाचणीवरून टो बदलण्याची चूक करू नये.

५०० किलोमीटरनंतर टायरवर तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धार लागत असेल तर टो चुकला आहे. धार नसून फक्त आतली कड झिजत असेल तर कॅम्बर. कडेला खोलगट खळगे पडत असतील तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा ढिला जोड. म्हणजे पुन्हा टप्पा १.

मालवाहू वापर असणाऱ्यांसाठी एक सूचना. माल भरल्यावर हवा भरून गाडी खुणेच्या उंचीवर आणली की अलाइनमेंट जवळजवळ जागेवर येते. ही सोय पाट्यांच्या गाडीत नसते. मात्र माल उतरवल्यावर तेवढी हवा सोडण्याचे अनेकांच्या लक्षात राहत नाही, आणि रिकामी गाडी उंच उभी राहून परतीच्या प्रवासात टायर खाते. यासाठी चालकाजवळ मोजपट्टी असावी आणि चार ठिपक्यांची मापे केबिनमध्ये लिहून लावलेली असावीत.

पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, चोर्ला या बाजूंना रोज जाणाऱ्यांनी बॅगेच्या घडीत साचलेला तांबडा चिखल आठवड्यातून एकदा पाण्याने धुवावा आणि हवेच्या टाकीतले पाणी काढावे. ओलावा व्हॉल्व्हमध्ये गेला की एक कोपरा हळूहळू बसू लागतो, आणि पहिली खूण पुन्हा टायरच्या आतल्या कडेवरच दिसते.

बुश, बॉल जॉइंट, लिंक किंवा बॅग यांपैकी काहीही बदलले, अथवा चालवण्याची उंची १० मिमीपेक्षा जास्त बदलायची ठरवली, तर टप्पा ४ पासून सर्व पुन्हा करावे. फक्त टायर बदलले असतील तर उंचीची मापे व टो तपासणे पुरेसे आहे.